डोळं मीट, हात फिरव

कृष्णात भांड्यांवर नावं टाकायचा.

तासगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत लालासाहेबांचं भांड्यांचं दुकान आहे. दारातच उजव्या हाताला एक बुटकं टेबल. त्यावर जाड पेनासारखं एक मशीन. बटण दाबलं की ते घर्र करायचं आणि त्याची सुई स्टीलवर बारीक ठिपके पाडत पुढं जायची. लग्नसराईत कृष्णातपुढं डब्यांची, तांब्यांची, पातेल्यांची रांग लागायची. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट. तमुक यांच्या स्मरणार्थ. लग्न आणि मरण, दोन्ही त्याच एका टेबलावर.

बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग मी सांगलीला मराठी घेऊन शिकायला गेलो आणि तो दुकानात लागला. मी सुट्टीला आलो की म्हणायचा, "या साहित्यिक. तुमी शब्द शिका, आमी शब्द विकतो."

त्याला एक गंमत यायची. डोळे मिटून भांड्यावर बोटं फिरवली की त्यावरचं नाव तो वाचायचा. मोडीला आलेली जुनी भांडी असली तरी. ठिपके झिजलेले असले तरी. गिऱ्हाईक नसलं की लालासाहेब त्याच्याशी चहाची पैज लावायचे आणि हरायचे.

"कुठं शिकलास रं ही करणी?"

"आज्जीकडं. ल्हानपणी खेळायचो."

त्याची आज्जी म्हणजे आईची आई, दगडाबाई. म्हसवडच्या पुढं माळावर तिची वस्ती. मेंढरं राखून म्हातारी झालेली. सुट्टीत कृष्णात तिथं जायचा. ती दुपारी भांडी मांडायची, त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायची आणि म्हणायची, "डोळं मीट. हात फिरव. कुणाचं हाय सांग." मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. मला ती खेळायला घेत नव्हती. त्याची बहीण साक्षी हट्ट करायची, तिलाही नाही. ती म्हणायची, "तुजं काय काम त्यात?"

तेव्हा मला वाटलं, म्हातारी नातवाचे जरा जास्तच लाड करते.

सात वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, कृष्णातनं एका घागरीवर नाव टाकलं आणि ते नाव घागरीच्या गळ्यावरून खाली घसरत गेलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा भांडं बिघडवलं. त्याच महिन्यात त्याची सुपारी फुटली होती. उंब्रजची प्रांजल.

लालासाहेब हसले. "नवरदेव, गिऱ्हाइकाच्या घागरीवर बायकोचं नाव टाकू नका म्हंजे झालं."

संध्याकाळी आम्ही चहाला बसलो. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग मान थोडी वाकडी केली. पक्षी करतो तशी.

"गड्या, तुजं कान दिसत्यात," तो म्हणाला. "क्यास दिसत्यात. मदी तोंड न्हाई."

तो हसला. मला हसू आलं नाही.

दुखत नव्हतं. डोळा लाल नव्हता. पाणी येत नव्हतं. जिकडं बघेल तिथं नेमकं भोक पडायचं आणि कडेचं तेवढं राहायचं. आधी उजवा डोळा. सात आठवड्यांनी डावा. तो पंचवीस वर्षांचा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली. बाहुली टचकन बारीक झाली. बॅटरी बाजूला नेली, बाहुली मोठी झाली. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे. पुढं त्यांनाही काही सुचेना. त्यांनी मिरजेच्या एका मोठ्या डॉक्टरबाईंचं नाव लिहून दिलं.

तासगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर लोकांना धास्ती बसली ती यामुळं. आंधळा म्हटला की डोळा पांढरा पडलेला असतो, मिटलेला असतो. याचे डोळे चकचकीत होते. उजेडाला दिपत होते. माणसं येऊन त्याच्यासमोर बसायची, बघायची आणि उठून जायची. एक बाई दारातच म्हणाली, "डोळं तर जित्तं हायती. आतला बघणारा गेलाय."

त्याचे वडील धनाजी. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. दोन एकर द्राक्षबाग, कमी बोलणारा माणूस. ते रडले नाहीत. त्यांनी हेळव्याला निरोप धाडला.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारा. सीमेपलीकडून दर दोन-तीन वर्षांनी येतो. पूर्वी बैलावर यायचा, आता मोटरसायकलवर येतो. त्याच्याकडं जाड चोपडी असते. त्यानं घोंगड्यावर बसून तात्यांच्या घराण्याच्या नऊ पिढ्या वाचल्या. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे मुलगे चार, मुली तीन दिल्या. त्याचा थोरला अमका, मुलगे दोन, मुली दोन दिल्या. मुलींची नावं नव्हती. नुसतं, दिल्या. मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं.

सहाव्या पिढीत सापडलं. त्या पुरुषानं सिद्धनाथाला सोडलेला मेंढा बाजारात विकला होता. मेंढा एका डोळ्यानं आंधळा होता.

चोपडी मिटली. कृष्णातची आई, मंगलकाकी, आत भाकरी थापत होती. तिची थाप मध्येच थांबली आणि परत सुरू झाली. तेही मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तात्यांनी विचार केला. त्यांचा विचार सरळ होता. दोष घराण्याचा. मुलगा घराण्याचा. मुलगी लग्न झालं की दुसऱ्या घराची. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात ते एकटे उंब्रजला गेले आणि प्रांजलच्या वडिलांना म्हणाले, "आमच्या रक्तात खोट निगाली. तुमच्या लेकीच्या पदरात आंधळी पोरं घालायची न्हाईत मला." शालू परत आणला नाही. "ठेवा, लेकीला न्हेसवा," म्हणाले. आणि साक्षीचं लग्न त्यांनी घाईनं ठरवलं. ती लवकर या घराबाहेर पडली की वाचली. मुलगा विट्याकडचा, ज्योतिबा. जम्मूत शिपाई. सुट्टी मिळाली ती तारीख धरली.

कृष्णात म्हणाला, "तात्याचं बराबर हाय," एवढंच.

साक्षीच्या लग्नाला अकरा दिवस राहिले तेव्हा मिरजेहून फोन आला. डॉक्टरबाईंनी महिन्यापूर्वी त्याचं रक्त पुण्याला पाठवलं होतं. अहवाल आला होता. मी त्याला एसटीनं घेऊन गेलो.

बाई वयस्क होत्या. घाई नव्हती त्यांना. त्यांनी विचारलं, "शाळेत तंतुकणिका शिकला होता का? मायटोकॉन्ड्रिया?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "पेशीचं ऊर्जाकेंद्र." एका मार्काचा प्रश्न होता. दोघांनाही तो मार्क मिळाला होता.

"तेवढ्यावर थांबलात ना सगळे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. मी ते जसं कळलं तसं लिहितो.

आपण खातो ते पेशीत जाऊन बारीक होतं. शेवटी त्यातून उरतात विजेचे कण. इलेक्ट्रॉन. प्रत्येक पेशीत शेकडो तंतुकणिका असतात आणि प्रत्येकीच्या आत एक पडदा असतो. पडद्यात एक रांग उभी असते. स्लॅब टाकताना माणसं घमेली हातोहात वर देतात ना, तशी. पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो घमेलं घेतो आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो एवढ्यासाठी. शेवटचा घेणारा हजर राहावा म्हणून. तो नसला की रांग जागच्या जागी अडते, सगळ्यांच्या हातात घमेली तशीच.

"पण नुसती घमेली दिली म्हणून काय झालं?" कृष्णातनं विचारलं.

"देता देता ही माणसं आणखी एक काम करतात. पडद्याच्या आतले प्रोटॉन बाहेर ढकलतात. बाहेर ते साठतात. कोयनेच्या भिंतीमागं पाणी साठतं तसे. त्यांना आत यायचं असतं. यायला वाट एकच, आणि त्या वाटेत एक चक्र आहे. प्रोटॉन आत येतो, चक्र फिरतं. फिरलं की एटीपी तयार होतो. ती तुमची वीज. तिच्यावर सगळं चालतं. दिवसभरात माणूस स्वतःच्या वजनाएवढा एटीपी करतो आणि संपवतो."

"फिरतं म्हंजे? खरंच फिरतं?"

"खरंच. सेकंदाला शंभर वेळा. आत्ता तुमच्यात फिरतंय. माझ्यात फिरतंय."

खोलीत पंखा होता. त्याच्याकडं माझं लक्ष गेलं आणि मी नजर काढून घेतली.

कृष्णातच्या रांगेत पहिल्याच माणसाच्या हाताला खोट होती. घमेलं सांडत होतं. बाकीच्या शरीराला ते कसंबसं पुरत होतं. पण डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसा फार बारीक आणि फार भुकेल्या असतात. त्या उपाशी राहिल्या. आणि जे सांडलं त्यानं त्या आतून करपल्या. डोळा चांगला होता, मेंदू चांगला होता, मधली वाट मेली होती. एक औषध होतं, थोड्यांना थोडा गुण येतो असं. त्यांनी ते लिहून दिलं. धूम्रपान तंतुकणिकांना आणखी दमवतं, घरातल्या दुसऱ्याचा धूरही, म्हणाल्या. कृष्णात दिवसाला पाकीट ओढायचा.

"हे आलं कुठनं?" त्यानं विचारलं. "आमच्या घराण्यातनं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तेच सांगायचं आहे. हे कण, या तंतुकणिका, मूळचे आपले नाहीत. दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वी ते स्वतंत्र जीव होते. बॅक्टेरियासारखे. एका पेशीच्या आत शिरले आणि राहिले. अजून त्यांची जनुकं त्यांनी वेगळी ठेवली आहेत. आपल्यात मिसळू दिलेली नाहीत सगळी. आणि ती फक्त आईकडून येतात."

"बापाकडून?"

"बापाचे कण बीजासोबत आत येतात. त्यांच्यावर खूण होते आणि ते मारले जातात. प्रत्येक गर्भात. उरतात ते आईचे. तिच्या आईचे. तिच्या आईचे."

मी पाच वर्षं साहित्य शिकलो होतो. वंश, कूळ, नाव, बाप, मुलगा यांवर किती वाचलं असेन. त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या प्रत्येक पेशीत कुणीतरी राहतं, ज्याला माझं आडनाव माहीत नाही.

कृष्णातनं शांतपणे विचारलं, "मग माज्या पोरांना?"

"तुमच्याकडून एकही कण पुढं जाणार नाही. तुमच्यापाशी हे संपतं."

मग म्हणाला, "आणि बहिणीच्या?"

"सगळ्यांना जाईल. मुलगा असो, मुलगी असो. पण कण गेला म्हणजे दृष्टी जाईलच असं नाही. मुलग्यांत साधारण निम्म्यांची जाते. मुलींत क्वचित. तसं का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. तुमच्या आईकडं कुणाची गेली होती?"

त्याचा मामा, अर्जुना. चोविसाव्या वर्षी आंधळा झाला होता आणि पुढं विहिरीत पडून गेला. लोक म्हणत, त्यानं माळावर ग्रहण बघितलं.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. भिलवडी फाटा गेल्यावर म्हणाला, "तात्यानं बराबर उलटं केलं बघ. माजं मोडलं. तिचं जोडलं."

"प्रांजलला सांगू या का?" मी म्हणालो. "अजून तिचं कुठं ठरलेलं नाही."

"का सांगतोय ते सांगावं लागंल. मंग आईचं नाव येतंय. मंग साक्षीचं. अकरा दिवसावर लगीन हाय तिचं." मग म्हणाला, "आदी आज्जीकडं जायाचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हसवडला उतरलो. तिथून वस्तीपर्यंत चालत. दुपारचं ऊन, माळावर झाड नाही, वाराही नाही. आमची पावलंच ऐकू येत होती. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता आणि मान एका बाजूला कलती. कडेकडेनं माळ बघत असावा.

दगडाबाई सपराखाली बसली होती. ऐंशीच्या पुढची. नजर घारीसारखी. आम्ही लांब होतो तेव्हापासून ती आमच्याकडं बघत होती. जवळ गेलो तरी उठली नाही. तिनं विचारलं नाही, काय झालं. तिनं विचारलं, "दोनी गेलं?"

"व्हय आज्जी."

"बस."

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लावला नाही. समोर जमिनीवर ठेवला. त्याचा हात गेला आणि नेमका तांब्यावर पडला. ती बघत होती. मान हलवली तिनं.

तो खेळ मला पहिल्यांदा कळला.

कृष्णातलाही त्याच क्षणी कळला असावा. तो म्हणाला, "तुला ठावं हुतं."

"माज्या मामाचं डोळं गेलं," ती म्हणाली. "मग माज्या भावाचं. मग माज्या अर्जुनाचं. आता तुजं." ती बोटं मोडून मोजत नव्हती. नुसतं सांगत होती. "आमच्यातल्या पोरास्नी हाताचं डोळं लागत्यात."

"माजं डोळं जाणार हे कळलं व्हतं तुला?"

"कुनाचं जानार ते न्हाई कळत. म्हनून समद्या पोरास्नी शिकवायचं. अर्जुनाला न्हाई शिकवलं मी. मला वाटलं, ह्याला काय व्हतंय. त्यो हिरीत गेला."

शेळी ओरडली कुठंतरी.

"साक्षीला का नाही शिकवलं?" हे मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "पोरींचं ऱ्हातंय. पोरींनी बघायचं."

"आईला ठावं हाय?" कृष्णातनं विचारलं.

"हळदीदिवशी सांगितलं तिला. मला माज्या आयनं हळदीदिवशीच सांगितलं."

"हळदीदिवशीच का?"

"आदी सांगितलं आसतं तर आमची येक तरी पोरगी नांदाय गेली आसती व्हय रं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. मेंढरं कुठल्या ओढ्यानं न्यायची हे सांगावं तसा आवाज. "हळद लागली की बाई माघारी फिरत न्हाई. मग सांगायचं. मग ती बघती काय बघायचं ते."

कृष्णात उठला. जाताना ती एवढंच म्हणाली, "मंगलीला बोलू नगं. तिला मी सांगितलंय तसंच ती करनार."

म्हणजे नऊ दिवसांनी, साक्षीला हळद लागल्यावर, मंगलकाकी तिला आत नेणार होती आणि सांगणार होती.

घरी पोचलो तेव्हा मंगलकाकी दारात उभी होती. आम्ही कुठं गेलो होतो हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं मुलाच्या पायांवरची म्हसवडकडची पांढरी धूळ बघितली.

"सांगितलं आज्जीनं?" ती हळूच म्हणाली.

"व्हय."

ती आत गेली. तव्यावरची भाकरी उलटली. त्या मायलेकांत या विषयावर कधी बोलणं झालं ते एवढंच.

कृष्णातपुढं आता एकच गोष्ट होती. साक्षीला हळदीआधी सांगायचं की नाही. सांगितलं तर कदाचित लग्न मोडेल, तात्या कारण विचारतील, आणि सव्वीस वर्षं आई गप्प होती हे बाहेर येईल. नाही सांगितलं तर साक्षी आईसारखीच माघारी न फिरता येणाऱ्या जागी उभी राहून ऐकेल. तो तीन दिवस जेवला नाही नीट. मला म्हणाला, "तू शिकलेला. तू सांग."

चौथ्या दिवशी साक्षी स्वतःच दुकानात आली. लालासाहेबांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं, बहिणीच्या भांड्यांवर भाऊच नाव टाकेल. "चार भांडी बिघडली तर बिघडली. सासरी बोलतील, आमच्या सुनेचं नाव डोंगरातनं गेलंय." साक्षी हसली होती त्यावर. तिच्या पिशवीत नव्या स्टीलबरोबर एक जुना तांब्याचा तांब्या होता.

"दादा, ह्यो आईनं दिलाय. ह्याच्यावर सगळ्यात खाली माजं नाव टाकायचं म्हनली."

कृष्णातनं तांब्या मांडीवर घेतला. बोटं फिरवली. वरती हातोडीनं ठोकलेले, जवळजवळ झिजलेले ठिपके. भागू. त्याखाली दगडा. त्याखाली मंगल. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही, गाव नाही. या तांब्यातून तो लहानपणापासून पाणी प्याला होता. ही नावं त्यानं शंभरदा वाचली होती. हेळव्याच्या चोपडीत नसलेला वंश त्याच्या मांडीवर होता.

त्यानं मशीन सुरू केलं. सुई तांब्यापर्यंत नेली. मग बंद केलं.

"साक्षे, बस."

त्यानं सांगितलं. घमेल्यांच्या रांगेपासून सांगितलं, कोयनेच्या पाण्यापर्यंत. त्याला वाटत असावं, सगळं नीट सांगितलं की शेवटचं सोपं जाईल. साक्षी बारावी सायन्स झालेली. ती मध्येच म्हणाली, "ते ठावं हाय दादा. पुढचं सांग."

त्यानं पुढचं सांगितलं.

लालासाहेब आतल्या बाजूला भांडी लावत होते. त्यांचा आवाज थांबला होता.

साक्षी तांब्याकडं बघत होती. मग म्हणाली, "मला कवा सांगनार हुती आई?"

"हळदीदिवशी."

ती थोडं हसली. चांगलं नव्हतं ते हसू. "म्हंजे माजी सही घ्यायच्या आदी न्हाई, सही घेतल्यावर."

"तुला फिरायचं आसंल तर फिर. तात्याला मी सांगतो, मलाच नगं म्हनून मोडलं. माज्यावर घे."

"तुज्यावर आजून किती घेनार?" ती म्हणाली. उठली. "नाव टाकू नगंस आत्ता. तांब्या ऱ्हाऊ दे तुज्याकडं."

ती गेली. कृष्णात तांब्या धरून बसला. मंगलच्या खालची जागा बोटानं चाचपत राहिला. चारेक बोटांची जागा होती, गुळगुळीत.

दोन दिवस काही कळलं नाही. घरी मांडव पडला. तात्या हारवाल्याशी बोलत होते. मंगलकाकी हळकुंडं निवडत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी कृष्णातच्या फोनवर साक्षीचा आवाज आला. मी शेजारी होतो.

"दादा, टाक नाव."

"ज्योतिबाला सांगितलंस?"

"सांगितलं. मंग दोन दिस फोनच उचलला न्हाई त्यानं. मला वाटलं संपलं. आत्ता आला फोन."

"काय म्हनला?"

"म्हनला, पोरगं कुनाचं आसंल? आपलंच की. आनी म्हनला, बिड्या सोडतो." ती म्हणाली. "त्याच्या आईला मी सवडीनं सांगीन. पर हळदीदिवशी आई मला आत न्हेईल तवा मी म्हननार हाय, मला ठावं हाय. एवढंच बघायचंय मला. तिचं तोंड."

कृष्णातनं मशीन सुरू केलं. मी त्याचा हात बघत होतो. डावं बोट आईच्या नावाखाली ठेवून त्यानं त्याच्या आधारानं सुई चालवली. एकही ठिपका घसरला नाही.

हळदीच्या दिवशी आतल्या खोलीत काय झालं ते मला माहीत नाही. दार लावलेलं होतं. मंगलकाकी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर हळद होती आणि ती कुणाकडंही बघत नव्हती. मग ती कृष्णातजवळ आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि लोकांसमोर डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

प्रांजलचं लग्न त्याच वैशाखात झालं. तिच्या तासगावातल्या मामानं घेतलेल्या भांड्यांवर नाव लालासाहेबांच्या पुतण्यानं टाकलं. कृष्णात त्या दिवशी दुकानात होता. कुणाची भांडी आहेत ते त्याला नंतर कळलं. बोटांनी.

तात्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते दरवर्षी सिद्धनाथाला जायचे. विकलेल्या मेंढ्याबद्दल क्षमा मागायचे, नऊ पिढ्यांच्या वतीनं. कृष्णात त्यांच्याबरोबर जायचा. एकदा मी त्याला म्हणालो, हे खोटं आहे. तो म्हणाला, "तात्याला वाटतंय खोट त्याची हाय. तो आईशी त्यामुळं लय चांगला वागतोय. चालू दे." मागच्या वर्षी तात्या गेले. दगडाबाई त्याच्या आधीच. साक्षीच्या सासरी आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणून साक्षीनं मला सांगितलं, "आता लिही. हळदीच्या आदी वाचाय मिळूदे कुनाला तरी."

कृष्णात अजून त्याच टेबलावर असतो. औषधानं फारसा गुण आला नाही. कडेकडेनं दिसतं. माझा आवाज आला की मान वाकडी करतो आणि म्हणतो, "या साहित्यिक." माझं तोंड त्यानं सात वर्षांत बघितलेलं नाही. त्याच्यासाठी मी पंचविशीतच राहिलोय.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं विट्याला साक्षीकडं गेलो. तिला मुलगी आहे पाच वर्षांची, शिवांजली. मुलगा तीन वर्षांचा, शिवतेज. अंगणातून तिचे सासरे दिसले, ते रस्त्यापलीकडं उभे राहून विडी ओढत होते. "सुनेनं हद्दपार केलंय," म्हणाले.

सोप्यात भांडी मांडली होती. डबा, पातेलं, वाटी आणि तो तांब्या. शिवतेज मध्ये मांडी घालून बसला होता. शिवांजली त्याच्या मागं गुडघ्यावर बसली होती आणि तिनं दोन्ही तळव्यांनी त्याचे डोळे झाकले होते.

मी दारातच थांबलो. कृष्णातनं माझा खांदा थांबलेला ओळखला. तोही थांबला.

"डोळं मीट. हात फिरव," शिवांजली म्हणाली. अगदी दगडाबाईच्या लयीत. तिनं दगडाबाईला कधी ऐकलेलं नव्हतं. "कुनाचं हाय सांग."

शिवतेजची बोटं तांब्यावर फिरली. वरून खाली. त्याला अजून अक्षर येत नाही. चौथ्या नावावर बोटं थांबली.

"आईचं."

"बराबर."

साक्षी आतून हात पुसत आली. तिनं आम्हाला बघितलं आणि काही लपवलं नाही.

मी शिवांजलीजवळ बसलो. विचारलं, "हे कशासाठी गं खेळताय?"

तिनं भावाच्या डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. एखादी कविता म्हणावी तसं म्हणाली, "मामाला दिसत न्हाई. तेजूला मोटेपनी दिसंल का न्हाई, ठावं न्हाई. म्हनून आदीच शिकायचं."

"आणि तुला?"

"मला दिसंल. बहुतेक." मग तिनं तांब्या ओढून घेतला, स्वतःचे डोळे गच्च मिटले आणि बोट सगळ्यात खाली, साक्षीच्या नावाखालच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

"इथं माजं येनार हाय," ती म्हणाली. "मला पाहिजे आसंल तर."

कृष्णातची मान वाकडी झाली होती. तो कडेनं तिच्याकडं बघत होता. त्याला तिचे हात दिसत असावेत. तोंड नसावं.